चुलीकडची जागा

मेमे आंगदुसनी पाहुण्याची चंदेरी बाही धरली आणि त्याला ओळीच्या वरच्या टोकाकडे, चुलीकडे ओढत नेलं.

"वर या. अजून वर. इथे बसा," ते म्हणाले. तोंडाने 'या' म्हणत होते, पण कपाळावर आठी अशी होती, की पाहुण्याला थोडीफार समज असती तर तो आल्या पावली आभाळात परत गेला असता.

नोरफेलने कॅमेरा थांबवला.

"मेमे-ले, आग्रह करायचाय. तुम्ही तर बोकड ओढून नेताय."

"माझ्या घरात आग्रह कसा करायचा, हे मी आता तुझ्याकडून शिकू?"

ओळीत बसलेले सगळे हसले. पाहुणा हसला की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याचं तोंड मुखवट्यात होतं. तो निमूटपणे दाराशी गेला आणि पुन्हा आत येण्यासाठी उभा राहिला.

नोरफेल याच गावचा, लडाखातल्या चुलुंगचा पोरगा. जम्मूला शिकला, दिल्लीत लोकांच्या लग्नांचं चित्रण करत हिंडला आणि एके दिवशी कॅमेरा घेऊन गावात परत आला, तो हा सिनेमा डोक्यात घेऊनच. गोष्ट साधी होती. आभाळातून एक जण गावाच्या वरच्या कुरणात पडतो. त्याला आपली भाषा येत नाही, आपलं खाणं माहीत नाही, थंडी सोसत नाही. एक म्हातारा त्याला घरी ठेवून घेतो. मारामारी नाही, बंदुका नाहीत, जग वाचवणं नाही. पाहुणा जवाची मळणी शिकतो, शेळ्या राखतो, गावजेवणात सगळ्यांच्या वर बसतो आणि बर्फ पडायच्या आत निघून जातो. गावाने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पुढे? पुढे काही नाही, नोरफेल म्हणाला. तरी सगळे तयार झाले. जव घरात येऊन पडले होते, हातांना काम नव्हतं, आणि लोसरच्या सणाला लेहच्या मोठ्या सभागृहात पडद्यावर आपलं थोबाड बघायचा मोह कुणाला सुटलाय?

म्हातारा म्हणून मेमे आंगदुस ठरले. सगळ्या गावाचेच ते मेमे, म्हणजे आजोबा, आणि हाक मारताना मानाचं 'ले' लावून मेमे-ले. त्यांचं स्वयंपाकघर गावात सगळ्यांत मोठं, फळ्यांवर भिंतभर तांब्यापितळेची भांडी, मधे नक्षीची काळी चूल. शिवाय चेहरा असा की कॅमेऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही, असं नोरफेल म्हणे. स्तुती पचवणं मेमेंना कधी जमलं नव्हतं. ते हो म्हणून बसले आणि मग त्यांना कळलं, की सिनेमात त्यांनी आपली जागा त्या पाहुण्याला द्यायची आहे.

इथे मात्र घोडं अडलं.

चुलुंगमध्ये चार माणसं एका छपराखाली जमली की ओळ लागते. चुलीकडचं टोक वरचं, दाराकडचं खालचं. लामा आले तर सगळ्यांत वर ते. नसले तर वयाने मोठा तो वर, आणि तिथून उतरत उतरत दारापाशी मोन लोक, दामन म्हणजे नगारा आणि सुरना म्हणजे सनई वाजवणारे. बसण्याआधी 'तुम्ही वर', 'छे छे, तुम्हीच वर' अशी जी ओढाताण चालते, ती जेवणापेक्षा जास्त वेळ खाते. पण शेवटी कोण कुठे बसणार याचा घोळ कधी होत नाही. ते सगळ्यांना पोटातून येतानाच ठाऊक असतं.

मेमे पोरगेले होते तेव्हा दाराजवळच्या जोड्यांना लागून बसत. मग कुणीतरी जायचं आणि ओळ एक आसन वर सरकायची. थोरला भाऊ गेला तेव्हा रडता रडता त्यांच्या मनात आलं होतं, की चला, आता आपण खांबाच्या वर बसणार. त्याची त्यांना पुढे कित्येक दिवस लाज वाटली, पण आलं होतं खरं. गेल्या हिवाळ्यात तुंडुप मेमे वारले. त्यांनी ती चुलीकडची जागा इतकी वर्षं धरून ठेवली होती, की चुलीबरोबर त्यांनाही गवंड्याने बांधून काढलंय अशी गावात थट्टा चाले. त्यांच्यामागे गावात सगळ्यांत वडील उरले ते आंगदुस. आणि नशीब बघा, वर्षभरात गावात एक लग्न नाही, एक बारसं नाही. ओळच लागली नाही. आजची ही पहिली भरलेली ओळ, आणि तीही सिनेमातली. मेमेंच्या छातीत हल्ली पहाटे खरखर वाजायची. लोसरला आपण असू की नसू, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं.

"आभाळातून पडला म्हणून तो माझ्या डोक्यावर बसणार?" त्यांनी नोरफेलला खडसावलं होतं.

नोरफेलने भांडण केलं नाही. तो म्हणाला, सुरुवातीला वर तुम्हीच बसलेले असाल. मग तुम्ही स्वतः उठून जागा द्याल, म्हणून तर ती मोठी गोष्ट. दुसऱ्या कुणी दिली तर बघतंय कोण? मेमेंनी दोन दिवस विचार केला. जी वस्तू आपली आहे तीच देता येते, एवढं त्यांना पटलं. आणि पडद्यावर, नातवंडांच्या नातवंडांनाही, आपण तिथे बसलेले दिसू, हेही काही कमी नव्हतं.

पाहुण्याच्या आत कोण होतं, तर बुधन मरांडी. आधी लेहचा कुणी कॉलेजातला पोरगा ठरला होता. मुखवट्यात जीव गुदमरतो म्हणून तो दुसऱ्याच दिवशी पळाला. नोरफेल मग नदीकाठच्या रस्त्याच्या कामावर गेला. तिथे झारखंडातल्या दुमक्याहून आलेले मजूर उन्हाळाभर खडी फोडत आणि डांबर ओतत असतात. त्यांतला एक लांब हातापायांचा, आवाज न करता चालणारा त्याने निवडला. काम आटपतच आलं होतं, त्यामुळे मुकादमानेही सोडला. पाण्याच्या नळाला थंडीत गुंडाळतात त्या चकचकीत कागदाचा अंगरखा शिवला गेला. मुखवटा केला गोन्पातल्या, म्हणजे मठातल्या नाचाचे मुखवटे घडवणाऱ्या कारागिराने. डोळे त्याने सांगितले तेवढे मोठे केले, पण हात सवयीचा, त्यामुळे सुळेही काढून मोकळा झाला. नोरफेलने ते कानशीने घासून घालवले.

चालायचं कसं, बघायचं कसं, हे नोरफेलने बुधनला शिकवलं. पाहुणा म्हणून वागायचं कसं, हे मात्र मेमेंनी. वाटीत कुणी ओतायला आलं की पहिल्यांदा तळहात वाटीवर ठेवायचा, नको म्हणायचं. दुसऱ्यांदा वाटी मागे घ्यायची, नको नको. तिसऱ्यांदा मान वळवून पुटपुटायचं आणि मग हात काढायचा. बुधनला हे काही केल्या पटेना. आपल्या मोडक्यातोडक्या लडाखीत तो म्हणाला, की आमच्या तळावर एकदा नको म्हटलं की पातेलं पुढे जातं आणि माणूस उपाशी झोपतो. मेमे हसून हसून खोकले. एकदाच विचारतात? मग त्यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, खळ्यावर उन्हात बसून, चांगच्या, म्हणजे जवाच्या दारूच्या जागी पाणी ओतून ओतून. त्या दिवसांत ते त्याला नावाने हाक मारायला लागले. बाकी गाव त्याला दुमकावाला म्हणे.

तर आता पाहुणा पुन्हा दारातून आत आला. मेमे उठले. या खेपेला त्यांनी त्याची बाही सोडली आणि हात धरला. चंदेरी कागदाच्या आत तो हात घामाने ओला आणि खरखरीत होता.

"वर या," ते म्हणाले.

पाहुणा खाली बसू लागला. ओळीतल्या सगळ्यांनी हात हलवले, वर, वर. गावचा गोबा पालजोरसुद्धा अर्धवट उठला. वयाने तो ओळीत मधेच कुठेतरी यायचा, पण गावचा कारभार त्याच्याकडे, शिक्का त्याच्याकडे, म्हणून मेमेंच्या खालोखाल बसायचा. त्यानेही आपलं बुटकं मेज बाजूला घेऊन पाहुण्याला वाट करून दिली. पाहुणा चुलीकडच्या गादीवर बसला. मेमेंनी काठाला मानाचे लोण्याचे ठिपके लावलेला चांगचा चंबू उचलला. पाहुण्याने तळहात वाटीवर ठेवला. मग वाटी मागे घेतली. मग मान वळवली आणि हात काढला. मेमेंनी वाटी काठोकाठ भरली. बायकांच्या ओळीतून कुणीतरी "आई गं, किती शहाणा" असं म्हणालं, आणि तेही नोरफेलने राहू दिलं.

नोरफेल खूश झाला. आता एकच काम उरलं होतं. पाहुणा वर बसलाय आणि सगळी ओळ त्याच्याबरोबर जेवतेय, हे लांबून, अख्ख्या ओळीसकट घ्यायचं. पण लोकांची पोटं खरोखरच ओरडत होती. ऊन अजून खिडकीत होतं. त्याने जेवायची सुट्टी दिली.

बुधनने मुखवटा काढून चुलीकडच्या मेजावर ठेवला. त्याच्या डोक्यातून वाफा निघत होत्या. तो उठला आणि खांदे पाडून, भिंतीला चिकटून सगळी ओळ उतरत दाराकडे गेला. मुखवट्यात तो असा कधी चालला नव्हता. त्याला कुणी जा म्हणालं नाही. उंबऱ्याबाहेर जोडे काढलेले होते, त्यांच्यात पायरीवर तो बसला. त्याचं ताट आधीच तिथे ठेवलेलं होतं.

"या मेमे-ले, आता तुमची जागा घ्या," गोबा गादीवर हात थोपटत म्हणाला. "तापवून ठेवलीय."

मेमे बसले. गादी खरंच ऊबदार होती. देचेनने, त्यांच्या सुनेने, स्क्यूचा, कणकेच्या तुकड्यांच्या रश्शाचा वाडगा पुढे ठेवला. मटणाची, सलगमची वाफ नाकात गेली. भूक होती. घास मात्र तोंडाशी जाईना. त्यांनी बसल्या जागेवरून खाली पाहिलं. सगळी ओळ, सगळ्यांच्या टोप्या, शेवटी दामन वाजवणारा इशे, त्याच्यापुढे दार, आणि दारात अंगरख्याचा एक चकाकणारा कोपरा. हे दृश्य बघायला त्यांनी सारा जन्म घालवला होता.

"इथे आत्ता कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"पाहुणा," गोबा म्हणाला.

"मग तो जेवतोय कुठे?"

"बाहेर. त्याला तिथेच बरं वाटतं."

"त्याने सांगितलं तुला?"

गोबाने घास गिळला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. त्याला बोलता चांगलं येत असे. सिनेमा वेगळा आणि जेवण वेगळं, तो म्हणाला. आपण वर बसवलं ते मुखवट्याला, माणसाला नव्हे. तो गरीब आहे, कष्टाळू आहे, सगळं मान्य. पण आज हा चुलीकडे बसेल, उद्या रस्त्यावरचे सगळे येऊन बसतील, मग आपली म्हणून ओळ राहिली कुठे? वाडवडिलांनी जपलेली एवढीच तर गोष्ट शिल्लक आहे, आणि ती जपायला तुमच्याइतकं कडक गावात कोण आहे, मेमे-ले? दोघातिघांनी माना डोलावल्या. बाकीच्यांनी वाडग्यात डोकी घातली.

मेमेंना बुधनची दया आली असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. त्यांना राग आला होता. जन्मभर वाट बघून मिळालेली जागा आज पहिल्यांदा हाताला लागली आणि त्यांनी ती उठून कुणाला तरी दिली. आणि हे लोक म्हणत होते की ती कुणालाच दिली नाही.

"मी मुखवट्याला जागा दिली?" ते म्हणाले. "गादी या घरची. चूल या घरची. चांग माझ्या सुनेने गाळलेली. काठाला लोणी लावून मी माझ्या हाताने ओतली. सगळं खरं होतं. मग खोटा कोण होता, पालजोर? मी?"

गोबाने वाडगा तोंडाला लावला.

"बुधन," मेमेंनी हाक मारली. "आत ये."

बुधन ताट हातात घेऊनच उंबऱ्यात उभा राहिला. अंगरखा कमरेपर्यंत उतरवलेला, आत भोकं पडलेला लोकरी स्वेटर.

"वर ये. इथे बसून जेव."

"नको मेमे-ले. इथे बरं आहे."

"ये म्हणतो ना."

"नको. नको."

तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा बुधनने मान वळवली आणि काहीतरी पुटपुटला. अगदी शिकवल्याबरहुकूम. बायका गालातल्या गालात हसल्यासुद्धा. मेमेंनी गादीवर थोडं सरकून त्याच्यासाठी जागा केली. आता तो येणार. रीतीप्रमाणे आता त्याने यायचं.

"वर ये, पोरा," मेमे म्हणाले.

बुधनने मान हलवली आणि एक पाऊल मागे घेतलं. चौथा नकार त्याला कुणी शिकवला नव्हता.

मेमेंना ते बघवलं नाही. हा माणूस घाबरलाय, आपल्या घरात, आपण बोलावत असताना घाबरलाय, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. तेवढ्यात गोबाने वाडगा खाली ठेवला. तो शांतपणे म्हणाला, की तो वर बसला तर मी उठतो, आणि मी उठलो की अर्धी ओळ उठेल. मग घ्या तुमचा सिनेमा.

नोरफेल मेमेंच्या बाजूला उकिडवा बसला. पोरगा रडवेला झाला होता. ऊन खिडकीच्या चौकटीवर चढलं होतं. थोड्या वेळाने सूर्य डोंगराआड जाणार, आणि गाव असं पुन्हा एकत्र जमणार नाही. उद्यापासून अर्धे लोक शेळ्या घेऊन खालच्या खोऱ्यात जाणार होते. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मेमे-ले, एवढं एक होऊ द्या. मुखवटा घालून तो बसेलच ना वर. मग नंतर तुम्ही म्हणाल तसं."

"नंतर कधी?" मेमेंनी विचारलं. "माझ्याकडे किती नंतर आहे असं वाटतं तुला?"

नोरफेल उठून कॅमेऱ्यापाशी गेला.

मेमेंनी आपली लाकडी वाटी उचलली, चाटून कोरडी केली आणि गोंचाच्या, म्हणजे लोकरी झग्याच्या पुढच्या खोळीत टाकली. जमिनीवर हात टेकून उठले. गुडघे कडकडले. देचेन सावरायला धावली, तिला त्यांनी नजरेनेच थांबवलं. मग ते ओळ उतरायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारा लघवीला निघाला. गोबाने मेज जरा आत घेतलं. मेमे खांबापाशी आले, जिथे भाऊ गेल्यावर बसायला लागले होते. त्याच्या खाली आले, जिथे लग्न झालं तेव्हा बसत. प्रत्येक जागा पायांना ओळखीची होती. सगळं आयुष्य चढून जायला लागलं होतं, उतरायला काहीच वेळ लागला नाही. इशेच्या दामनला त्यांनी वळसा घातला आणि उंबरा ओलांडला. बुधन पायरीवर परत बसला होता. त्याच्याही खालच्या पायरीवर, जोडे बाजूला सारून, मेमे टेकले.

"देचेन," त्यांनी हाक मारली. "माझं जेवण इथे आण."

मग पहिला उठला तो इशे. बिचारा चांगलाच भेदरला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी गावातल्या सगळ्यात वडील माणसाच्या वर बसलं नव्हतं. मेमे पायरीवर आणि आपण आत गादीवर, हे त्याला सोसेना. दामन छातीशी धरून तो बाहेर अंगणात पळाला आणि पार खाली, गवताच्या भाऱ्यांपाशी जाऊन बसला. त्याच्यामागे त्याच्यावरचे दोघे. मग त्यांच्यावरचे. कुणी ठरवून काही केलं नाही. बंड वगैरे करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण मेमेंच्या वर बसून घास तोंडात घालायचा कसा, हेच कुणाला माहीत नव्हतं. वाडगे हातात धरून, एकमेकांचे पाय तुडवत, सगळी ओळ दारातून सांडल्यासारखी बाहेर आली. बायकांनी आपली ओळ मोडली आणि हसू दाबत त्याही आल्या. प्रत्येक जण मेमेंच्या खाली जागा शोधत होता आणि खाली जागा पुरत नव्हती.

ओळीत उरले गोबा आणि मुखवटा. चुलीकडच्या मेजावरून मुखवटा रिकाम्या गाद्यांकडे मोठाले डोळे करून बघत होता. त्याच्या शेजारी गोबा पालजोर एकटा वाडगा घेऊन बसला होता. बाहेरून सगळ्या गावाला तो दिसत होता. मेमेंच्या वर बसलेला एकटा माणूस. त्याने एक घास घेतला. दुसरा घेतला नाही. थोडा वेळ चूल बघितली. मग उठला.

तो दारात आला तेव्हा पायरीवर बुधन, त्याच्या खाली मेमे, आणि खाली अंगणभर गाव. पाय ठेवायला जागा उरली होती ती फक्त जोड्यांपाशी.

मेमेंनी मान वर केली. आवाज एकदम मऊ, लग्नघरातला.

"गोबा-ले, तुम्ही का उठलात? वर बसा ना. चुलीकडे जागा आहे."

"नको, नको. इथे बरं आहे," गोबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

"असं कसं? तुम्ही गावचे मुखिया. वर चला."

"छे छे. मेमे-ले इथे असताना मी वर कसा?"

"ऐका माझं. चूल गरम आहे."

तिसऱ्यांदा गोबाने मान वळवली आणि पुटपुटला. मेमेंनी चौथ्यांदा विचारलं नाही. गोबाने गोंचा सावरला आणि तो जोड्यांच्या बाजूला, मेमेंच्या खाली, म्हणजे बुधनच्याही खाली, जमिनीवर बसला. ओठ घट्ट मिटलेले होते. तो मेमेंना माफ करणार नव्हता, आणि मेमेंना ते ठाऊक होतं. आता गावात काही मागायला गेलं की याच्या दारात उभं राहावं लागणार. राहू. अंगणाच्या मातीतून गारवा वर चढत होता आणि मेमेंना आत्ताच पाय थिजल्यासारखे वाटत होते. त्यांनी दारातून आत, लांबवर, चुलीकडे एकदा पाहिलं. जीव तुटला त्यांचा. सकाळपासून किती वेळ बसलो आपण तिथे? पुरता चहा पिण्याइतकासुद्धा नाही. त्यांनी नजर काढून घेतली.

नोरफेल आत कॅमेऱ्यापाशी उभा होता. खिडकीतलं ऊन गेलं होतं. त्याने गाद्यांच्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं, मुखवट्याकडे पाहिलं आणि मग दाराबाहेर, जिथे अंगणात अजून पिवळंधमक ऊन पडलेलं होतं. कुणाला काही न विचारता त्याने तिपाई कॅमेऱ्यासकट उचलली, सगळं स्वयंपाकघर पार करून आणली आणि उंबऱ्याच्या आत, अंगणाकडे तोंड करून उभी केली.

"मुखवटा आणू?" देचेनने विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला.

बुधन ताट खाली ठेवून उठला. देचेनच्या हातातला चंबू त्याने मागून घेतला. काठावरचे लोण्याचे ठिपके अजून तसेच होते. उघड्या तोंडाने, भोकाच्या स्वेटरात, तो मेमेंच्या समोर वाकला आणि म्हणाला, "घ्या मेमे-ले."

मेमेंनी खोळीतून वाटी काढली. हात सवयीने वाटीवर गेला. जन्मात कधी पहिल्या विचारण्याला त्यांनी काही घेतलं नव्हतं, आईच्या हातूनसुद्धा. बुधन चंबू धरून थांबला होता. तो दुसऱ्यांदा विचारणार होता, तिसऱ्यांदा विचारणार होता. सगळं त्याला पाठ होतं.

गोबा बघत होता. सगळं गाव बघत होतं.

मेमेंनी हात काढला आणि वाटी पुढे केली.

"ओत," ते म्हणाले.